पुढची अख्खी सीट

सासूबाईंचा उजवा गुडघा वाकत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर आमच्या गाडीची गोष्ट ऐकणारा माणूस आम्हाला वेडे समजतो. आम्ही वेडे आहोतच, पण त्याचं कारण निराळं आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते बिघडलं, मग ते निस्तरायला दुसरं झालं आणि शेवटी डॉक्टरांनी मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना कायमचं जोडून टाकलं. पाय वाचला. काठी घेऊन त्या चालतात, चार पायऱ्या चढतात, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला सूचना देतात. डॉक्टर म्हणाले होते की आता या पायाचा जन्मभर त्रास होणार नाही, आणि तसा तो झालाही नाही. त्रास झाला तो वाहनांचा. जगातली यच्चयावत वाहनं गुडघे वाकणाऱ्या लोकांनी स्वतःसाठी बनवलेली आहेत, हे तोवर आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

शेजाऱ्यांच्या छोट्या गाडीत पुढे बसवून पाहिलं, तर सासूबाई आत आणि पाय दाराबाहेर. मागच्या सीटवर आडवं बसवलं, तर पहिल्याच वळणावर त्यांना गाडी लागली, आणि शेजाऱ्यांनी त्यानंतर गाडीचा विषय काढला नाही. बसमध्ये पाय मधल्या वाटेत यायचा. कंडक्टर म्हणाला, आजी, पाय आत घ्या. सासूबाई म्हणाल्या, तूच घे. त्याने प्रयत्न केला नाही, पण दोन माणसं अडखळून पडली आणि पुढच्या थांब्यावर त्या आपणहून उतरल्या. शेवटी कोणीतरी रुग्णवाहिका सुचवली. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आडवं होऊन जायचं ते एकदाच." पुन्हा कोणी सुचवली नाही.

आणि जायचं कुठे होतं? फार लांब नाही, थोरल्या बहिणीकडे. नवऱ्याच्या या मावशी घाटापलीकडच्या गावात एकट्या राहतात. त्यांचं हृदय अशक्त, प्रवास बंद. दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या; काय बोलायच्या कोण जाणे, पण फोन ठेवल्यावर सासूबाईंचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. मग मावशींचे कान गेले. आधी त्या दर वाक्याला "काय?" म्हणायच्या, पुढे नुसतं "हो, हो" म्हणू लागल्या, आणि "हो, हो" आलं की समजावं, कारभार आटोपला. श्रवणयंत्र शिट्टी वाजवतं म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. नवऱ्याने व्हिडिओ कॉल लावून दिला, तर दोघींनी फोन कानाला लावला. आम्हाला पडद्यावर एक कान दिसत राहिला. समोर बसून, तोंडाकडे बघत, मोठ्याने बोललं तरच मावशींना कळायचं. म्हणजे भेटल्याशिवाय बोलणं नाही आणि गुडघा वाकल्याशिवाय भेटणं नाही.

तरी सासूबाई संध्याकाळी ठरल्या वेळी फोनजवळ खुर्ची ओढून बसायच्या आणि थोड्या वेळाने उठायच्या. माझं त्यांचं काही फार गूळपीठ नव्हतं, पण ते मला बघवत नसे.

गाडी सासऱ्यांमुळे आलेली. ते एका हॉटेलचे ड्रायव्हर होते. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला हॉटेलने एकेकाळी एक लांबलचक अमेरिकन गाडी ठेवली होती. गाडी आणि सासरे एकाच वर्षी निवृत्त झाले. मालकाला अंगण मोकळं हवं होतं, म्हणून त्याने ती सासऱ्यांनाच देऊन टाकली आणि आपण किती दिलदार आहोत हे चारचौघांत सांगितलं. आमच्या घरामागच्या शेडमध्ये ती शिरली ती तिथेच राहिली. सासरे होते तोवर तिला पुसत असत. ते गेल्यावर मी तिच्यावर कापडाचे गठ्ठे ठेवू लागले, कारण मी पडदे आणि सोफ्यांच्या खोळी शिवते आणि गठ्ठ्यांना सपाट जागा लागते. तिचं टप आमच्या जेवायच्या टेबलापेक्षा मोठं होतं. सासूबाई तिला आगबोट म्हणत, आणि त्यात कौतुक नव्हतं.

कल्पना नवऱ्याचीच, हे कबूल करायला हवं. एका सुट्टीच्या दिवशी त्याने माझे गठ्ठे न विचारता खाली काढले, गाडीचं उजवं दार उघडलं आणि आईला हाक मारली. दार चांगलं खाटेएवढं लांब. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, गिअरची दांडी स्टिअरिंगच्याच दांड्याला चिकटलेली, खालची जमीन मोकळी, आणि पुढची सीट म्हणजे एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सलग एकच बाक. सासूबाई आधी कडेला टेकल्या. मग मागे सरकत सरकत मधोमध गेल्या, तसा पाय आपोआप आत आला. मग जराशा वळल्या आणि पाय तिरका, पार उजव्या कोपऱ्यापर्यंत, ऐसपैस लांब झाला. समोर काच होती. तोंड पुढे होतं. कुठेही काही अडत नव्हतं.

त्यांनी विचारलं, कुठवर जाते ही? नवरा म्हणाला, सध्या कुठेच नाही. तरी त्या उतरल्या नाहीत. बऱ्याच वेळाने काचेकडे बघत म्हणाल्या, "ताईकडे जाईल?"

"नेतो," नवरा म्हणाला.

आता माझा नवरा काय करतो, ते सांगते. तो फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. हात चांगला आहे, गिऱ्हाईक कायम आहे, आणि त्याला एक रोग आहे. रोगाचं नाव 'एकदा उघडलंच आहे तर'. फ्रिजचा दिवा बदलायला बोलावलं तर तो दिवा बदलतो, मग म्हणतो, एकदा उघडलंच आहे तर दाराचं रबर बघतो, मग मागची जाळी, मग मोटर. गिऱ्हाईक दिव्याचेच पैसे देतं आणि दुवा देतं. दुव्यावर घर चालत नाही, असं मी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. त्या माणसाच्या हाती आठ सिलिंडरची, सत्तरीकडे झुकलेली गाडी लागली.

पैशांचा नियम मी घालून दिला. रविवारी जे यंत्र दुरुस्त होईल, त्याचे पैसे गाडीचे. बाकी सहा दिवसांच्या पैशाला गाडीने हात लावायचा नाही. नवऱ्याने मान्य केलं आणि गिऱ्हाइकांना रविवारच्या वेळा देऊ लागला. ते मला दोन महिन्यांनी कळलं.

पहिलं वर्ष इंजिनात गेलं. आत गंज, काजळी आणि एका चिमणीचं जुनं घरटं निघालं. नवीन भाग मागवायचे तर त्या पैशात दुसरी गाडी आली असती, म्हणून सगळं भंगारातून. रेडिएटर एका ट्रकचा बसवला, पंख्याला वॉशिंग मशीनचा पट्टा. इंजिन सुरू झालं तेव्हा आमच्या भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं आणि सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "चालू झाली वाटतं." मला वाटलं, झालं, आता पुढच्या आठवड्यात निघायचं. मी त्यांची बॅगसुद्धा काढून ठेवली.

पण इंजिन जोरात चालतं तर ब्रेक जुने कसे चालतील? एका व्हॅनचे पुढचे ब्रेक आणून बसवले. ते बसेनात म्हणून चाकं बदलली. मग दिवे मिणमिणते. गाडी सहा व्होल्टची होती, ती बारा व्होल्टची करायची ठरली, आणि मग प्रत्येक बल्ब, भोंगा, वायपरची मोटर, सगळंच बदलावं लागलं. एकदा उघडलंच आहे तर वायरी नव्या टाकल्या. वायरी टाकताना छताचं कापड फाटलं, ते मी शिवलं. कापड नवं झाल्यावर बाहेरचा रंग जुना दिसू लागला. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की आमचं घोंगडं दर रविवारी आणखी लांब होत होतं.

सासूबाई मात्र कधी घाई करत नसत. मी करत असे, त्या नाही. नवरा येऊन सांगे, आई, ब्रेक करतोय, आणखी थोडे दिवस लागतील. त्या म्हणत, कर बाबा, नीट कर, घाटाचा रस्ता आहे. तिसऱ्या वर्षी तर त्यांनीच विचारलं, उन्हाळ्यात आत गरम नाही का व्हायचं? फ्रिजवाल्याला एवढंच हवं होतं. त्याने गाडीत गार हवेचं यंत्र बसवायला घेतलं आणि त्यात आमचा हिवाळा गेला. मला वाटलं, लेकाचा रोग आईला लागला. पण मनातल्या मनात मी त्यांचं कौतुकही केलं, की बाई, काय हा धीर. मला इतक्या दिवसांत कोणी नेलं नसतं, तर मी पायी निघाले असते, वाकत्या गुडघ्याने की न वाकत्या, ते नंतर बघितलं असतं.

मग गिअरबॉक्सची पाळी आली. जुन्याला तीनच गिअर, आणि त्यातला दुसरा निसटायचा. दांडी हाताने धरून ठेवली तर राहायचा, सोडली की खटकन बाहेर. भंगारवाल्याकडे एक उलटलेला मालवाहू टेम्पो आला होता. त्याचा पाच गिअरचा बॉक्स अगदी सुस्थितीत. नवऱ्याने जुना देऊन वर थोडे पैसे घातले आणि तो आणला. हा बॉक्स बसवायला त्याला सबंध पावसाळा लागला. गाडी अशी काही चालू लागली, की तो पहिली चक्कर मारून आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, डोळ्यांत धूळ गेली.

या नव्या बॉक्सची दांडी खालून, जमिनीतून वर येते. ती बरोबर सीटच्या मध्ये येत होती, म्हणून त्याने ग्राइंडरने सीट मधोमध कापली आणि तिच्या दोन केल्या. मला म्हणाला, आता दोन स्वतंत्र खोळी शीव, हल्लीच्या गाड्यांना असतात तशा. मी मापं घेतली. त्यांना पांढरी किनार लावायची की लाल, यावरून आमचं चांगलं दोन दिवस वाजलं. शेवटी सासूबाईंना विचारलं. त्या शेडमध्ये आल्या, दोन्ही सीटकडे, मधल्या दांडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, लाल लाव, पांढरी मळते. मी लाल लावली.

आता तुम्हाला जे दिसतंय, ते आम्हाला दिसलं नाही. चार वर्षं आम्ही त्या गाडीच्या पोटात इतके शिरलो होतो, की ती कोणासाठी उघडली होती, तेच विसरलो.

निघायचा दिवस ठरला. मी डबा भरला, नवऱ्याने काचा पुसल्या, गाडी शेडमधून बाहेर काढून दारासमोर उभी केली. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. सासूबाई नवं नेसून, काठी टेकत बाहेर आल्या. नवऱ्याने दार उघडलं. त्या कडेला टेकल्या, मागे सरकल्या आणि थांबल्या. मागे सीट संपली होती. पुढे दांडी होती. पाय दाराबाहेर होता.

त्या आणखी एकदा सरकून बघायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, आई, राहू द्या.

रस्त्यावरच्या एकाने विचारलं, काय झालं? सासूबाई काठीचा आधार घेऊन उठल्या, लाल किनारीवरून हात फिरवला, "छान झालीय गाडी," म्हणाल्या आणि घरात गेल्या. नवरा दार धरून तसाच उभा. डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघतो. आम्ही डोंगर पोखरून डोंगरच काढला होता.

मी त्याला बोलले. शेडमध्ये नेऊन बोलले, म्हणजे रस्त्याला ऐकू जाऊ नये, पण गेलंच असावं. गाडी कोणासाठी काढली होती, असं मी विचारलं, आणि ते विचारताना मला माझ्या खोळी दिसत होत्या, म्हणून मी आणखी जोरात बोलले. त्याने उलट उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता खाली बसला आणि कापलेल्या सीटच्या स्प्रिंगांकडे बघत राहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटली, कारण त्याच्या हातात पाना नव्हता.

त्याच आठवड्यात मावशींच्या शेजारणीचा फोन आला. मावशी अंथरुणाला खिळल्या होत्या, आता उठून बसतात, पण डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नाही. कोणाला यायचं असेल तर यावं, असं ती म्हणाली. नवऱ्याने फोन ठेवला आणि सरळ भंगारवाल्याकडे गेला. मी बरोबर गेले, कारण मला त्याचा भरवसा वाटत नव्हता.

जुना गिअरबॉक्स सापडला. ताडपत्री वाऱ्याने उडू नये म्हणून भंगारवाल्याने तो तिच्यावर ठेवला होता. नवऱ्याने सांगितलं, मला हा परत हवा, तुझा पाच गिअरचा देतो. भंगारवाल्याने आधी बॉक्सकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग मला बाजूला घेऊन विचारलं, वहिनी, यांची तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, मग ताडपत्रीवर मी काय ठेवू?

पुढचे दिवस नवऱ्याने रविवार पाहिला नाही आणि मीही नियमाचं नाव काढलं नाही. चांगला बॉक्स काढला, निसटणारा बसवला, दांडी पुन्हा स्टिअरिंगला जोडली. सीटचे दोन सांगाडे वेल्डिंग करून एक केले. मी दोन्ही खोळी उसवल्या आणि मध्ये पट्टी घालून एक लांब खोळ शिवली. पट्टीचं कापड जरा वेगळ्या छटेचं मिळालं. ते दिसतं, पण दिसू दे. त्या सगळ्या दिवसांत नवऱ्याने गाडीतलं दुसरं काहीही उघडलं नाही. एक स्क्रू सैल होता, तो त्याने आवळला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, एवढा चालेल.

गाडी झाली तशा सासूबाई कुरकुरू लागल्या. ती आजारी, तिला कशाला पाहुण्यांचा ताप? पायाला कळ येते. हवा बरोबर नाही. चार वर्षं ज्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, त्यांना आता शंभर सबबी सुचत होत्या. मला वाटलं, त्या दिवसाची फजिती मनाला लागली असेल, पुन्हा रस्त्यावर हसं नको. माझा धीर तसाही बेताचा. मी त्यांची बॅग डिकीत टाकली आणि म्हटलं, आई, बसा. त्या टेकल्या, सरकल्या, पाय आत आला. मी मागे बसले.

घाटात दुसरा गिअर निसटला. नवऱ्याने घातला, वळणावर स्टिअरिंगला दोन्ही हात लागले, पुन्हा निसटला. मागे ट्रक भोंगे वाजवू लागले. तिसऱ्यांदा निसटल्यावर सासूबाईंनी डावा हात पुढे केला आणि दांडी धरली. "तू वळव," त्या म्हणाल्या. सगळा घाट त्यांनी तो गिअर धरून ठेवला. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी दांडी सोडली आणि हात झटकत ऐटीत बाहेर बघू लागल्या. गार हवेचं यंत्र वाटेतच बंद पडलं होतं. त्याबद्दल कोणी चौकशी केली नाही.

मावशी दाराच्या पायरीवर शेजारणीला धरून उभ्या होत्या. फोटोतल्या मावशींच्या निम्म्या झाल्या होत्या. मी सासूबाईंना उतरता यावं म्हणून मागूनच हात लांब करून पुढचं दार उघडलं, तेवढ्यात मावशीच शेजारणीला ओढत पुढे आल्या आणि आत शिरून सीटच्या कडेला बसल्या. आता त्या उठल्याशिवाय सासूबाईंना उतरायला वाट नव्हती, आणि उठायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. बहिणीचा लांब पाय बाजूला सारून त्यांनी आपले पाय ठेवले. नवरा बाहेर जाऊन बॉनेटपाशी उभा राहिला. मी मागच्या सीटवरच राहिले.

"किती म्हातारी झालीस," मावशी म्हणाल्या.

"आरशात बघ," सासूबाई म्हणाल्या.

ते मावशींना ऐकू गेलं नसावं. त्या बहिणीच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, इतकी वर्षं का नाही आलीस? सासूबाई म्हणाल्या, गाडी होत नव्हती. मावशी म्हणाल्या, काय? गाडी होत नव्हती, सासूबाई ओरडल्या. समोरच्या घराची खिडकी उघडली. बाहेर नवऱ्याची मान खाली गेली.

सासूबाई थांबल्या. मग त्याच आवाजात, कारण दुसऱ्या आवाजात मावशींना कळलं नसतं, म्हणाल्या, "खोटं बोलले. गाडी केव्हाच झाली असती. मीच होऊ दिली नाही."

"काय?"

"मीच होऊ दिली नाही! एकदा भेटलो की तीच शेवटची, असं मनात बसलं होतं. नाही भेटलो तर भेट बाकी राहते. म्हणून हा जे जे म्हणाला त्याला कर म्हटलं. सीट कापली, तेव्हा मला दिसत होतं. मी रंग सांगितला."

मागे बसून मी ते ऐकत होते. धीर धीर म्हणून मी ज्याचं कौतुक केलं, तो धीर नव्हता. ती बाई रोज संध्याकाळी फोनजवळ बसत होती आणि रोज शेडमधला ठोकठोक आवाज ऐकून निर्धास्त होत होती. मला फार रडू आलं. पुढे बसलेल्या दोघींना ते कळलं नाही. एकीला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीचं लक्ष नव्हतं.

मावशींनी पुन्हा विचारलं, काय म्हणालीस? सासूबाईंनी आयुष्यात कधी आपली चूक दोनदा कबूल केलेली मी ऐकली नव्हती. हे त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने, बहिणीचा चेहरा हातांत धरून. आता रस्त्यातली सगळी माणसं थांबली होती. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. नवऱ्याने डोकं आत घातलं होतं. इंजिनाला काही झालं नव्हतं.

या वेळी मावशींना कळलं.

"मग आता जाऊ नकोस," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंची बॅग आत, मावशींच्या पलंगाखाली गेली होती. दोघी खिडकीशी खुर्च्या टाकून बसल्या होत्या, सासूबाईंचा पाय एका स्टुलावर. नवऱ्याने विचारलं, आई, न्यायला कधी येऊ? त्यांनी तोंड बहिणीकडून आमच्याकडे वळवलं, म्हणजे ओठ तिला दिसू नयेत, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हळू बोलल्या.

"ही आहे तोवर येऊ नकोस."

नवऱ्याने मान हलवली.

"काय म्हणालीस त्याला?" मावशींनी विचारलं.

"म्हटलं, घाटात सावकाश जा," सासूबाई ओरडल्या.